दुसरी लाईन

“इंजिनिअरबाई, तुमचं ते हॅलो-हॅलो चालू आहे की बंद पडलं?”

डॉ. कुंदा पावसकरांनी सीटी स्कॅनच्या खोलीतून डोकं बाहेर काढून विचारलं. मी शेजारच्या, एरवी स्ट्रेचर ठेवतात त्या अरुंद खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर लॅपटॉप, डोक्याच्या वर भिंतीवर राउटरची लोखंडी पेटी, आणि त्या पेटीचा पंखा कानाशी घरघरत होता.

“चालू आहे मॅडम. सकाळपासून चालूच आहे.”

“मग इथे पडद्यावर गोल का फिरतंय? अर्धा स्कॅन गेला आणि अडकला.”

मी लॅपटॉपवर पाहिलं. कोल्हापूरचा राउटर गायब. पहिल्या लाईनवरून गायब, दुसऱ्या लाईनवरूनही गायब. मी ताडकन उठले, खुर्ची मागे आपटली. दोन्ही तारा हातांनी चाचपल्या, घट्ट होत्या. काही करावं तोवर पडद्यावर दोन्ही लाईनी परत आल्या, जणू काही झालंच नव्हतं.

“आलं बघा,” डॉक्टर आतून म्हणाल्या. “काय केलंत?”

“काहीच नाही.”

“असं कसं? काहीतरी केलं असेल म्हणूनच आलं ना.”

मी काहीच केलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका छोट्या कंपनीत नेटवर्कचं काम करायचे. आमचे मालक इंगवले सर. आम्ही सगळे मिळून सहा माणसं होतो. कोल्हापूरच्या एका धर्मादाय न्यासाचं शहरात मोठं रुग्णालय होतं आणि घाट उतरून कोकणात गेलं की तळेकोंड नावाच्या गावी त्यांचंच एक लहान रुग्णालय. तळेकोंडला न्यासाने सीटी स्कॅनचं यंत्र बसवलं होतं, पण स्कॅन वाचणारा तज्ज्ञ तिथे येऊन राहायला तयार नव्हता. म्हणून स्कॅन तळेकोंडला काढायचा, तारेवरून कोल्हापूरला पाठवायचा, तिथल्या रेडिओलॉजिस्टने वाचून कळवायचं, आणि मग डॉ. पावसकरांनी उपचार करायचे, अशी सगळी योजना होती. तार गेली की योजना गेली.

तार वरचेवर जायची, म्हणून न्यासाने दुसऱ्या कंपनीची दुसरी लाईन घेतली. ती आमच्याच ऑफिसने जमवून दिली होती. पण दोन लाईनी असून चालत नाही, एक गेली की दुसरीवर जायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. आधी राउटरमध्ये वाटा हातानं लिहून ठेवलेल्या होत्या. लाईन गेली की तळेकोंडहून फोन यायचा, मग आमच्यापैकी कुणीतरी राउटरमध्ये शिरून वाट बदलायचं. तो फोन घ्यायला माणूस जाग्यावर नसला की रुग्ण टेबलावर तसाच.

माझं काम होतं डायनॅमिक राउटिंग बसवायचं. म्हणजे राउटरांनी आपली वाट आपण शोधायची. ही पद्धत मला फार आवडायची. दोन राउटर थोड्याथोड्या वेळाने एकमेकांना हॅलो म्हणत राहतात. तसं नावच आहे त्या निरोपाला. एका वाटेने हॅलो यायचं थांबलं की राउटर समजतो, ही वाट मेली, आणि दुसरी धरतो. डॉक्टरांना मी हे पहिल्याच दिवशी उत्साहाने समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्या तोंडी ते हॅलो-हॅलो बसलं.

ते जुळवायलाच मला जन्म लागला होता. पहिल्या लाईनवर दोन्ही राउटरांची ओळख एका क्षणात पटली. दुसऱ्या लाईनवर मात्र हॅलो पोचायचं, उलट हॅलो यायचं, आणि तिथेच गाडी अडायची. ओळख झाल्यावर राउटर आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या वाटा एकमेकांना कळवतात. तो निरोप मोठा असतो. दुसऱ्या कंपनीच्या लाईनीत कुठेतरी निरोपाचं मोठं पाकीट जातच नव्हतं. लहान हॅलो सुखरूप पलीकडे, आणि कामाचा निरोप गडप. कारण सापडेपर्यंत मी जेवणाच्या डब्याला हात लावत नसे आणि घरी आईशी भांडत असे. शेवटी दोन्ही टोकांना पाकिटाचा आकार कमी केला आणि जुळलं.

मग मी डॉक्टरांसमोर चाचणी घेतली. स्कॅन जात असताना पहिल्या लाईनची तार सरळ उपटून हातात घेतली. पडद्यावरची पट्टी जरा थबकली आणि पुढे सरकली.

“वा!” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे आता लाईन जायची काळजी नको.”

“नको,” मी म्हणाले. केवढ्या आत्मविश्वासाने म्हणाले!

त्यानंतर आठवडाभरात दोन्ही लाईनी एकदम गेल्या, आणि मी पोचेपर्यंत परत आल्या. मी तार उपटून पाहिली, सगळं व्यवस्थित. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा घाट उतरून गेले, पुन्हा तार उपटली, पुन्हा व्यवस्थित. ही दुखणी सर्वांत वाईट. डॉक्टरकडे गेलं की पोट दुखायचं थांबतं, तशी. मी समोर असले की राउटर शहाण्यासारखे वागायचे आणि मी घाट चढून गेले की दोघे मिळून मान टाकायचे.

इंगवले सरांचं म्हणणं ठाम होतं.

“हे बघ हेमांगी, दोन वेगळ्या कंपन्या. एकीची तार घाटातनं जाते, दुसरीची हायवेनं रत्नागिरीच्या बाजूला. त्या दोन्ही एकाच वेळी तुटतील कशा? कधी ऐकलंयस? मग दोन्हींमध्ये सामाईक काय आहे? तुझा राउटर. म्हणजे दोष राउटरात, नाहीतर तू जे लिहिलंयस त्यात.”

यात चूक काढायला जागा नव्हती. मी राउटर बदलला. वीज खाली-वर होत असेल म्हणून वेगळी बॅटरी बसवली. प्रत्येक ओळ काढून पुन्हा लिहिली. सर म्हणाले, “ते हॅलोचं अंतर कमी करून टाक की, लवकर कळेल.” मी कमी केलं. काही दिवसांनी पुन्हा दोन्ही लाईनी गेल्या. आता फक्त त्या गेल्याचं लवकर कळलं.

दोन्ही कंपन्यांना फोन केले. दोघांकडचं उत्तर एकच: आमच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय मॅडम, तुमचं उपकरण तपासा. फोन ठेवताना बोटं दुखायची, इतका तो घट्ट धरलेला असायचा.

त्या दिवशी, अर्धा स्कॅन अडकून परत आला त्या दिवशी, मी डॉक्टरांना म्हणाले, “मॅडम, मी आज इथेच बसते. पुन्हा गेलं तर माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे.”

“बसा. पण पेशंट आले की त्या खोलीतली स्ट्रेचर लागते, तेवढं उठावं लागेल.” मग जरा थांबून म्हणाल्या, “जेवलात का?”

डॉक्टर पन्नाशीच्या, उंच, आवाजाने खणखणीत. मुंबईचं मोठं रुग्णालय सोडून इथे आल्या होत्या, त्याला खूप वर्षं झाली होती. त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी आणि काळ्या वाटाण्यांची आमटी माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः उभ्याउभ्याच जेवल्या.

दुपारचा चहा झाला असेल-नसेल तोच दारात रिक्षा येऊन थांबली. दोघांनी धरून एका माणसाला उतरवलं. त्याचा उजवा पाय जमिनीवरून घासत येत होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. मागून त्याची बायको, पदर खोचलेला, पायांत चपला नाहीत.

“आत्माराम!” डॉक्टर धावल्याच. आत्माराम नाटेकर बाजारातला शिंपी. रुग्णालयाचे हिरवे डगले, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं त्याच्याच मशीनवर शिवलेलं. डॉक्टरांच्या अंगावर होता तो कोटही.

“डाक्टरानू, ह्येंका काय जाला?” बाई विचारत होती. “शर्टाक बटण लावीत होते. सुई पडली ती उचलूक येयना. मगे बोलूकच येयना.”

“कधी? किती वेळ झाला?”

“आत्ताच. च्या पिऊक बसलो होतो तेवा.”

“लवकर आणलंत. बरं केलंत,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आशा पाहिली. मी स्ट्रेचर मोकळी करून दिली आणि कोपऱ्यात उभी राहिले.

स्कॅन निघाला. डॉक्टरांनी पाठवायचं बटण दाबलं. मी माझ्या पडद्याकडे धावले, आणि माझ्या डोळ्यांदेखत, मी मागितलं होतं अगदी तसंच, आधी पहिली लाईन गेली आणि तिच्यामागोमाग, हॅलो म्हणायलाही उसंत न देता, दुसरी.

“तोरसकर?” आतून हाक आली. मला त्यांनी पहिल्यांदाच आडनावाने हाक मारली होती.

“दोन्ही गेल्या, डॉक्टर.”

“परत येतील ना? मघाशी आल्या तशा?”

मी थांबले. त्या थांबल्या. पंखा घरघरत राहिला. लाईनी आल्या नाहीत. डॉक्टरांनी मोबाईल काढला, त्याला रेंज नव्हती. टेबलावरचा फोन उचलला, तोही मुका. कोल्हापूर तर सोडाच, पलीकडच्या गावाशीही आमचं काही नातं उरलं नव्हतं.

डॉक्टर पडद्यासमोर वाकून स्कॅन पाहू लागल्या. एकेक चित्र पुढे नेत, मागे आणत. मी त्यांच्या मागे उभी होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. करड्या रंगाची एक मूठ, एवढंच.

“मेंदूत गुठळी असेल,” त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, “तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. फ्रिजमध्ये आहे. आत्ता दिलं तर हा माणूस चालत घरी जाऊ शकतो. आणि गुठळी नसून रक्तस्राव असेल आणि मी ते दिलं, तर तो इथेच जाईल.”

“तुम्हाला काय दिसतंय?”

“मला रक्तस्राव दिसत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “पण मला दिसत नाही म्हणजे तो नाही, असं म्हणायला मी रेडिओलॉजिस्ट नाही. इथे खाली बघ. हे सावट काय आहे? मला नाही सांगता येत.”

त्या मला अगं-तुगं करायला लागल्या हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आत्मारामची बायको दारात येऊन उभी होती. तिने डॉक्टरांना नाही, मला विचारलं. मी यंत्राशी बसलेली होते म्हणून असेल.

“तुमचा मशीन चालता मां?”

मशीन चालत होतं. माझा राउटर एकदम तंदुरुस्त होता. त्याच्यात काही म्हणता काही बिघाड नव्हता. दोन्ही वाटांवर तो इमानाने हॅलो म्हणत होता आणि पलीकडून कुणी ओ देत नव्हतं.

डॉक्टरांनी ठरवलं. स्कॅन सीडीवर उतरवला, आत्मारामला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, आणि त्याला कोल्हापूरला न्यायला स्वतःही बरोबर बसल्या. “तू काय ते शोध,” दार लावताना मला म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी लॅपटॉप बंद केला. मनाशी म्हटलं, माझ्या पेटीत दोष नाही हे मी आज स्वतः पाहिलंय. मग दोष पेटीच्या बाहेर आहे. आणि बाहेर म्हणजे रस्त्यावर. मी परिचारिकेची स्कूटर मागून घेतली आणि रुग्णालयाच्या दारातून तार ज्या दिशेने निघते त्या दिशेने निघाले.

गावाबाहेर वाघेरी नदीचा पूल आहे. त्या सुमारास रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. पुलाच्या तोंडाशी जेसीबी उभा, अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावरून एकेक गाडी सोडत होते. गाड्यांची रांग लागली होती. आणि कडेला एक खड्डा होता. खड्ड्यापाशी एक पांढरी व्हॅन, तिच्यावर पहिल्या कंपनीचं नाव. तिच्या शेजारी, चाकाला चाक लावून, दुसरी व्हॅन. तिच्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव.

मी स्कूटर थांबवली. दोन्ही कंपन्यांची माणसं खड्ड्याच्या काठावर शेजारी बसून एकाच थर्मासमधला चहा पीत होती.

“तुम्ही दोघे इथे कसे?” मी विचारलं.

“तार तुटली ना मॅडम. जेसीबीनं पाइपच उचलून काढला. शेजारची टेलिफोनची न् मोबाईल टॉवरची तारही गेली.”

“कुणाची तार तुटली?”

“आमची,” एक म्हणाला.

“आमची पण,” दुसरा म्हणाला.

“दोघांच्या तारा एका जागी कशा?”

ते एकमेकांकडे बघून हसले. मला काही साधं कळत नाही असं त्यांना वाटलं असावं. “पाइप एकच आहे की. आधी ह्यांनी टाकला, मग आम्ही त्याच्यातनंच आमची ओढली. पुलावर दुसरा पाइप टाकायला परवानगी देत नाहीत. पुढे फाट्यापासनं वेगळ्या होतात आमच्या तारा. हे घाटाला लागतात, आम्ही हायवेला.”

“कधीपासून आहे हे?”

“पहिल्यापासनं.”

“आणि हे महिनाभर मधूनमधून जात होतं ते?”

“ते होय? काम चालू झाल्यापासनं पाइप हलतो ना. तारेला ताण आला की जाते, सैल पडली की येते.”

मी पुलाच्या कठड्यावर बसले. मला आधी हसू आलं आणि मग मी रडले. चहा पिणाऱ्यांपैकी एकाने गोंधळून मला झाकणात चहा दिला. मी राउटर बदलला होता, बॅटरी बदलली होती, प्रत्येक ओळ नव्याने लिहिली होती. झोपेत सुद्धा मी हॅलोची अंतरं मोजत होते. दोन वाटा असताना माझे राउटर वाट चुकतात म्हणून मी स्वतःलाच दोष देत होते, आणि वाट एकच होती. एकाच नळीतल्या दोन तारांपैकी कुठली निवडायची हे मी जीव तोडून राउटरला शिकवत होते.

आत्माराम वाचला. कोल्हापूरला त्याचा स्कॅन वाचला तेव्हा रक्तस्राव नव्हताच असं कळलं, पण तोवर इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. त्याची वाचा हळूहळू परत आली, पायही बरा झाला. उजवा हात मात्र आला नाही.

“आपल्याकडे वेळेवर इंजेक्शन मिळालेल्या सगळ्यांचेच हात परत येतात असं नाही,” डॉक्टर मला नंतर म्हणाल्या. “कदाचित तसंही झालं असतं.” ते ऐकून मला मुळीच बरं वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं.

चौथ्या दिवशी कोल्हापूरला न्यासाच्या कार्यालयात बैठक ठरली. आदल्या दिवशी इंगवले सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“उद्या काय सांगणार आहेस?”

“जे आहे ते. पुलापर्यंत दोन्ही लाईनी एकाच पाइपात आहेत.”

सर खुर्चीत मागे रेलले. “ती दुसरी लाईन त्यांना कुणी सुचवली? आपण. पूर्ण वेगळ्या वाटेची लाईन म्हणून. आता आपणच सांगायचं की ती वेगळी नव्हती? हेमांगी, माझं ऐक. राउटरमध्ये हॅलोची अंतरं चुकली होती, आता दुरुस्त केली, एवढं सांग. लोकांना त्यातलं काय कळतंय? पाइपाचं मी कंपनीशी बोलून नंतर निस्तरतो.”

“म्हणजे चूक माझी असं सांगू?”

“चूक कशाला? सेटिंग म्हण. सेटिंग कुणाचंही चुकतं.”

“सर, उद्या मी हे सांगितलं तर ते निर्धास्त होतील. आणि परवा पुन्हा पाइप हलेल.”

“परवाचं परवा बघू.”

मी काही बोलले नाही. सरांनी ते होकार म्हणून घेतलं.

बैठकीला न्यासाचे सचिव शिरगुप्पे वकील होते, दुसऱ्या कंपनीचे एक टायवाले गृहस्थ होते, डॉ. पावसकर घाट चढून आल्या होत्या, आणि आम्ही दोघं. टायवाल्यांनी मोठा नकाशा टेबलावर पसरला. त्यावर तळेकोंडहून एक लाल आणि एक निळी रेघ निघाली होती. लाल घाटाकडे, निळी हायवेकडे.

“पूर्णतः स्वतंत्र मार्ग आहेत,” ते म्हणाले.

“मग दोष कुठे?” शिरगुप्पे वकिलांनी आमच्याकडे पाहिलं.

“सेटिंगचा भाग होता,” इंगवले सर म्हणाले. “आमच्या इंजिनिअर सांगतील.”

मी उठले. मी नकाशावर तळेकोंडच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “इथून पुलापर्यंत या दोन रेघा शेजारी शेजारी काढल्यात, म्हणून त्या दोन दिसतात,” मी म्हणाले. “प्रत्यक्षात दोन्ही तारा एकाच पाइपातून जातात. पाइप तुटला की दोन्ही तुटतात. राउटरचं सेटिंग बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण जी वाट नाहीच, ती राउटर कुठून शोधणार?”

“हे तांत्रिकदृष्ट्या तितकंसं...” टायवाल्यांनी सुरुवात केली.

“हेमांगी, बस खाली,” सर दबक्या आवाजात म्हणाले.

“मी पाहिलाय तो खड्डा,” डॉ. पावसकर म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. “पुलावर एकेक गाडी सोडत होते. त्या खड्ड्याला लागूनच आमची ॲम्ब्युलन्स रांगेत थांबली होती. खिडकीतून दोन व्हॅन दिसत होत्या, दोन कंपन्यांच्या. मला वाटलं, बरं झालं, दोघे मिळून लवकर दुरुस्त करतील. आत्मारामचा हात माझ्या हातात होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आत्ता कळला.”

शिरगुप्पे वकिलांनी नकाशाची घडी घातली आणि टायवाल्यांकडे परत सरकवली.

त्या महिन्याअखेरीस मी इंगवले सरांची नोकरी सोडली. सोडली म्हणजे, सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, मग मीच राजीनामा दिला. पण त्याआधी एक काम पुरं केलं. न्यासाने दुसऱ्या कंपनीची तार बंद केली आणि तळेकोंडच्या मागच्या डोंगरावर एक खांब उभा केला. तिथून हवेतून, रेडिओच्या लहरींनी, पलीकडच्या डोंगरावर, आणि तिथून निराळ्याच दिशेने कोल्हापूरला. पाइप नाही, पूल नाही, जेसीबी नाही. तो राउटरला जोडला, हॅलो जुळवलं, आणि या वेळी चाचणीला तार उपटली नाही. पुलाजवळच्या चेंबरशी जाऊन, पहिल्या कंपनीच्या माणसालाच त्यांच्या तारेची जोडणी सोडायला लावली. डॉक्टर रुग्णालयात स्कॅन पाठवत होत्या. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, “गेला स्कॅन. ये आता जेवायला.”

मग मी पुण्याला आले. दुसरी नोकरी, दुसरे राउटर. तळेकोंडचं नाव क्वचित कुठे वाचनात यायचं.

दोन वर्षांनी एका सकाळी ऑफिसमध्ये डॉक्टरांचा फोन आला. भाचीला कॉम्प्युटर घ्यायचा होता, कुठला घेऊ, म्हणून. ते झाल्यावर मी विचारलं, “आपल्या लाईनी काय म्हणतात?”

“उत्तम! तू गेल्यापासून एकदासुद्धा गेली नाही बघ लाईन. म्हणूनच तर आमच्या विश्वस्तांचं टुमणं चाललंय, ती डोंगरावरची दुसरी लाईन कशाला हवी? कधी वापरायची वेळच आली नाही. उद्या येताहेत इथे, बहुतेक बंद करतील.”

माझ्या डोक्यात एकदम तिडीक उठली. ती जुनीच होती, पुलावरची. मी खुर्चीतून उठले. “वेळ आली नाही हे कुणी सांगितलं?”

“अगं, लाईन गेलीच नाही तर...”

“डॉक्टर, तुम्ही आत्ता कुठे आहात? रुग्णालयात? त्या स्ट्रेचरच्या खोलीत जाता का? फोन चालू ठेवा.”

त्यांच्या चपलांचा आवाज आला, दाराचा आवाज आला. “आले. काय बघू?”

“भिंतीवर दोन छोट्या पेट्या आहेत, एकेका लाईनची एकेक. प्रत्येकीवर दिवा आहे. रंग सांगा.”

“एक हिरवा.” मग थोडा वेळ गेला. “एक लाल.”

“लाल दिव्याच्या पेटीवर काय लिहिलंय?”

त्यांनी सावकाश वाचून दाखवलं. पहिल्या कंपनीचं नाव होतं.

“आज स्कॅन झालेत का?”

“झालेत ना. तीन गेले कोल्हापूरला. काल पण... थांब जरा. म्हणजे ही लाईन बंद आहे? कधीपासून?”

“माहीत नाही. तासाभरापासून असेल, आठवड्यापासून असेल. अशी किती वेळा गेली असेल आणि स्कॅन डोंगरावरून गेले असतील, तेही कुणाला माहीत नाही.”

मग डॉक्टरांचा आवाज आला, एकदम उत्साहात. “हेमांगी, आता हा दिवा असाच लाल राहू दे. उद्या विश्वस्त आले की त्यांना हाताला धरून आणते आणि दाखवते.”

“नाही डॉक्टर,” मी म्हणाले. “आधी कंपनीला फोन करून ती लाईन दुरुस्त करायला सांगा. आत्ता तुम्ही एकाच लाईनवर आहात.”

“खरंच की,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.